थोडा काळोख हवा आहे

सिनेमा म्हणजे प्रकाशाची कला, असं फिल्म सोसायटीतल्या चहाच्या वेळी हमखास ऐकू येतं. हातात बशी धरून मीही ते बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. पण प्रकाशात कसली आली आहे कला? बटण दाबलं की तो येतो. कला लागते ती काळोख पाडायला, आणि पाडलेला टिकवायला. कारण जगातल्या यच्चयावत माणसांचा काळोखावर डोळा असतो. दिसला काळोख की लावला दिवा.

माझं दैवत हिचकॉक, आणि त्याचा 1960 चा ‘सायको’. लोकांना त्यातलं न्हाणीघर आठवतं. जेमतेम 45 सेकंदांच्या त्या खुनासाठी त्याने आठवडाभर चित्रीकरण केलं आणि रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. ठीक आहे. पण आम्हा जाणकारांच्या मते (हा शब्द मी तेव्हा स्वतःसाठी बिनदिक्कत वापरत असे) खरा प्रसंग आहे तो शेवटाकडचा, तळघरातला. खून झालेल्या बाईची बहीण लायला खाली उतरते. एक म्हातारी पाठमोरी बसलेली. वर उघडा बल्ब. लायला तिच्या खांद्याला हात लावते, खुर्ची सावकाश वळते आणि समोर येतो सुकलेला मुडदा. किंचाळताना लायलाचा हात बल्बला लागतो, बल्ब झोके घ्यायला लागतो आणि कवटीच्या खोबणींतल्या सावल्या इकडून तिकडे सरकायला लागतात. मेलेली बाई डोळे फिरवते आहे, हसते आहे, असं वाटतं. मुडदा जागचा हलत नाही. सगळा अभिनय बल्ब करतो. खुर्चीचं वळणं, बल्बला बसलेला हात आणि भिंगात चमकून गेलेली तिरीप ही तिन्ही एकत्र जुळून येईपर्यंत हिचकॉक पुन्हा पुन्हा टेक घेत राहिला होता.

एक खुर्ची, एक बल्ब, एक म्हातारी. यातलं आपल्याकडे काय नाही, असा विचार माझ्या मनात आला. त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका गणेश मंडळाने तीन मिनिटांच्या लघुपटांची स्पर्धा जाहीर केली. विषय ‘थरार’. निवडलेले लघुपट उत्सवात भर चौकात पडद्यावर दाखवणार होते. एवढ्यावर मी कामाला लागलो.

म्हातारी घरचीच होती. माझी आत्या ऐंशीच्या घरातली, पुण्यात, कसब्यातल्या एका वाड्यात राहते. वाड्याला तळघर आहे. त्यात तांब्याचा बंब, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गौरीचं मखर आणि कुणाचं तरी पाळण्याचं खेळणं आहे. कॅमेरा म्हणजे भाच्याचा मोबाइल. नायिका वरच्या मजल्यावरची, अकरावीतली, भाच्याच्या वर्गातली. ती इतक्या तत्परतेने तयार झाली की ते माझ्या कलेच्या ओढीने नव्हे, हे मला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

आत्याला भूमिका समजावून सांगितली.

“म्हणजे मी मेलेली?”

“हो.”

“कधीची?”

“झाली बरीच वर्षं.”

“आणि तुम्ही कुणी पोचवलं नाहीत मला?”

“मुलगाच सोडत नाही ना. त्याने आईला घरातच ठेवून घेतलंय.”

“गुणाचा आहे की मग,” आत्या म्हणाली. “आमचा बंगळूरहून फोनसुद्धा करत नाही.”

नंतर पैठणीचा प्रश्न निघाला. मुडदा पैठणी नेसत नाही, हे मी वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. “चौकात अख्खी पेठ बघणार,” ती म्हणाली. “मेले म्हणून काय गबाळी बसू?” पैठणी ठरली. शिवाय एक अट. संध्याकाळी सात ते साडेआठ तिच्या मालिका असतात, त्या वेळात ती मरणार नाही.

तळघरात आधीपासून एक बल्ब होता. दुधी काचेचा, एलईडी. तो भाच्याने लांब वायरीवर टांगला, मी झोका दिला. काहीही झालं नाही. म्हणजे बल्ब हलला, पण आत्याच्या चेहऱ्यावर सावली म्हणून पडेना. सगळीकडे पिठूळ चांदणं. प्रकाश जितक्या लहान ठिपक्यातून येईल तितकी सावलीची कड धारदार, आणि उगम पसरट असेल तर कड विरघळते, हे मी फिल्म सोसायटीत ‘सॉफ्ट लाइट, हार्ड लाइट’ असं म्हणून कितीतरी वेळा समजावलेलं होतं. दुधी काच म्हणजे अख्खा बल्बच दिवा. ते ओळखायला मला दुपार लागली आणि आत्याला एक वाक्य: “हा दिवा डोळ्यांना बरा आहे, राहू दे.”

पण खरा शत्रू मोबाइल निघाला. मी काळोख करायचो, मोबाइल तो पुसून टाकायचा. त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं आहे की माणसाचा चेहरा दिसलाच पाहिजे. बल्ब आत्याजवळ आला की तो चित्र काळपट करणार, लांब गेला की उजळ करणार. परिणामी वर बल्ब जीव तोडून झोके घेतोय आणि खाली उजेड जागच्या जागी बसलाय. आत्याच्या मागच्या कोपऱ्यात मी मुद्दाम जो गूढ अंधार ठेवला होता, त्यातून मोबाइलने बंब, बरण्या आणि बरणीवरचं ‘लिंबू गोड’ हे लेबल वाचता येईल इतकं स्वच्छ बाहेर काढलं. 1934 साली ‘प्रभात’ने पुण्यातच ‘अमृतमंथन’ केला. त्यात शांतारामबापूंनी राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एक डोळा पडदाभर दाखवला, बाकी सगळा काळोख, आणि लोक आजही त्या डोळ्याबद्दल बोलतात. मोबाइल असता तर राजगुरूच्या मागची पाण्याची घागरही दिसली असती.

अखेर भाच्याने पडद्यावर बोट दाबून धरून उजेडाचं माप कुलूपबंद केलं. मग चित्रावर काळे आडवे पट्टे फिरायला लागले. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिचकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. भाच्याला हे माहीत होतं. “मग आधी का नाही बोललास?” म्हटलं, तर तो म्हणाला, “मामा, तुम्ही जर्मन एक्स्प्रेशनिझमबद्दल बोलत होतात.”

आता इथे मी शहाणपणाने तपकीर गल्लीत जाऊन साधा बल्ब आणायला हवा होता. त्याऐवजी मला व्ही. के. मूर्ती आठवले. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये (1959) स्टुडिओच्या काळोखातून उतरणारा तो उजेडाचा खांब मूर्तींनी दिव्यांनी केला नव्हता. मोठाले आरसे लावून बाहेरचं ऊन आत आणलं होतं. पुढे त्यांना 2008 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, छायालेखकाला मिळालेला तो पहिलाच. तळघराला रस्त्याच्या पातळीवर एक झरोका आहे. माझ्या घरी ड्रेसिंग टेबल आहे. ही दोन वाक्यं मी बायकोसमोर लागोपाठ म्हणायला नको होती, पण आरसा शेवटी निघाला.

समोरच्या फुटपाथवर आरसा, भाच्याचा एक मित्र तो धरून, आणि खरोखर सांगतो, झरोक्यातून उन्हाची लखलखीत तिरीप आत आली आणि आत्याच्या गालावर टेकली. मी क्षणभर स्वतःला मूर्ती समजलो. मग आत्याला पदर नीट करायचा होता, मग पाणी हवं होतं, मग नायिकेला हसू आवरेना. सूर्य मात्र कुणासाठी थांबत नाही. तो तासाला 15 अंश सरकतो आणि आरशातून आलेली तिरीप वीस फुटांवर दहा मिनिटांत जवळपास फूटभर हलते. आम्ही “ॲक्शन” म्हणेपर्यंत ती आत्याच्या गालावरून निघून ‘लिंबू गोड’वर स्थिरावली होती. आरसा वळवायला सांगितला तर मित्राने तो उत्साहाने वळवला, आणि रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून त्याच्याशी जे बोलला ते आमच्या ध्वनिमुद्रणात अतिशय स्पष्ट आलं आहे.

तिरीप हवेत दिसायची तर हवेत धूर लागतो. धूर कशाचा, तर धुपाचा. हा वाडा आहे, इथे धुपाचा वास आला की काय समजतात हे मी लक्षात घेतलं नव्हतं. आम्ही पुन्हा जुळवाजुळव करत असताना जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या काकू, त्यांच्या जाऊबाई आणि दोन लहान मुलं, चपला वर काढून, हात जोडून खाली आली. “आरती झाली का हो?” आणि मग, माझं “नको” तोंडातच असताना, “अगंबाई, काळोखात कसली पूजा करताय?” म्हणत काकूंनी ट्यूबलाइट लावली.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. आपण सगळे ‘दिवेलागणीला काळोखात बसू नये’ हे ऐकत वाढलो आहोत. त्या तळघरात येणारा प्रत्येक माणूस, मग तो मीटर बघायला आलेला असो की मांजर शोधायला, आधी भिंतीवर हात फिरवून बटण शोधायचा. शेवटी मी बटणावर चिकटपट्टी लावली. त्यानंतर येणारा प्रत्येक जण खिशातून मोबाइलचा टॉर्च काढायला लागला.

मग तपकीर गल्लीत गेलो. पारदर्शक काचेचा, आतली तार दिसणारा शंभर वॅटचा बल्ब मागितला. दुकानदाराने माझ्याकडे डिझेलचं इंजिन मागणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून धूळ झटकत एक नग काढून दिला.

काय सांगू! तळघरात तो पेटला आणि आत्याच्या नाकाची सावली गालावर अशी पडली की जणू कात्रीने कापली. तारेतला उजेड मिचकत नाही, कारण तार तापलेली असते ती वीज घटली तरी लगेच निवत नाही. पट्टे गेले. भिंतीवर बंबाची सावली राक्षसासारखी उभी राहिली आणि मांजर स्वतःहून निघून गेलं.

आता फक्त झोका. माझ्या मते झोका मंद होता, भीती वाटायला तो वेगात हवा. “जोरात मार हात,” मी नायिकेला म्हणालो. तिने मारला. बल्ब लांबवर गेला, पण चालीत फरक नाही. “अजून जोरात!” भाचा म्हणाला, “मामा, लंबक आहे तो. वायर मीटरभर आहे, म्हणजे जाऊन यायला दोन सेकंद. जोरात मारला तर लांब जाईल, लवकर नाही येणार. वेग हवा तर वायर पाव करा, वेळ निम्मा होईल.” नायिकेने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या लघुपटात कुठेच नाही. मी म्हणालो, “हे पाठ्यपुस्तक झालं. सिनेमा अंतःप्रेरणेवर चालतो. मार जोरात.”

त्या टेकला, सांगायला हरकत नाही, तिन्ही गोष्टी जुळल्या. खुर्ची वळली. आत्याने डोळे अर्धवट मिटून असा काही चेहरा केला की माझ्याच अंगावर काटा आला. नायिका किंचाळली, हात बसला, बल्ब भिंगाच्या डोळ्यात चमकून गेला आणि पुढच्या क्षणी तांब्याच्या बंबावर जाऊन फुटला.

पडला तो अस्सल काळोख होता. कोपऱ्यांसकट, फटींसकट. हाच मला इतके दिवस हवा होता. काचा बंबापलीकडे पडल्या होत्या, कुणाला काही झालं नाही. मिट्ट अंधारातून आत्याचा आवाज आला, “मेले का मी?” आणि मग, “दिवा लावा रे कुणीतरी.”

तेवढाच टेक होता, तोच पाठवला, आणि तो निवडलाही गेला. चौकात मंडळाची रोषणाई होती: तोरणं, पळते दिवे, कमानीवर फिरणारं सुदर्शन चक्र. त्या झगमगाटात पडदा पांढऱ्या चादरीसारखा कोरा दिसत होता. तीन मिनिटं अख्ख्या पेठेने त्या चादरीकडे पाहिलं. आवाज मात्र उत्तम होता. किंकाळी झाली, बल्ब फुटला आणि मग “दिवा लावा रे कुणीतरी” हे वाक्य आलं, तेव्हा चौकात जो हशा पिकला तो रात्री उशिरापर्यंत ओसरत नव्हता. रिक्षावाल्याचा भाग सुदैवाने कापला होता.

आत्या खूश आहे. मोबाइलने तिच्या नकळत, आणि माझ्याही, चेहरा गुळगुळीत करून देणारी सोय चालू ठेवली होती, त्यामुळे तिचा मुडदा पन्नाशीचा दिसतो. त्यातलं एक चित्र तिने काढून मोठं करून घेतलं आहे. “नंतर हार घालायला हाच फोटो लावा,” अशी सूचना बंगळूरलाही गेली आहे. बंगळूरहून लगेच फोन आला.

प्रसंग मात्र पुन्हा चित्रित करायचा आहे, या वेळी वायर पाव करून. तपकीर गल्लीतला तो नग शेवटचा होता. तेव्हा कुणाच्या माळ्यावर पारदर्शक काचेचा, शंभर वॅटचा, तार शाबूत असलेला बल्ब पडून असेल तर कृपया या मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. योग्य ती किंमत देऊ. चित्रीकरण बघायला यायचं असेल तरी स्वागत आहे. टॉर्च घरी ठेवून यावं, आणि सात ते साडेआठ सोडून.