मेंदू गेला, झुलपं शाबूत

एखाद्या अधिकाऱ्याचा मेंदू चोरीला जावा आणि तरी त्याचं चालणं-फिरणं, मीटिंगांना हजर राहणं बिनबोभाट चालू असावं, यात मराठी वाचकाला विज्ञानकथा वाटावी असं काही नाही. अमेरिकन प्रेक्षक मात्र २० सप्टेंबर १९६८च्या रात्री भलताच गोंधळला. ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग त्या रात्री दाखवला गेला, ‘स्पॉक्स ब्रेन’. कारा नावाची एक बाई एंटरप्राइज यानावर उगवते, मनगटावरची कळ दाबून सगळ्यांना बेशुद्ध करते आणि यानावरचे व्हल्कन अधिकारी मिस्टर स्पॉक यांचा मेंदू काढून घेऊन जाते. तिच्या ग्रहाच्या पोटातल्या वस्तीला हवा, पाणी आणि ऊब पुरवायला तिला एक मेंदू हवा असतो. एका मेंदूवर अख्खी नगरपालिका! आपल्याकडे त्याहून कमीत भागतं.

इकडे यानाचे डॉक्टर मकॉय तपासून सांगतात की मेंदू नाही, बाकी सगळं ठीक, शरीर चोवीस तास तग धरेल. मग स्पॉकच्या डोक्यावर एक यंत्र चढवतात, रिमोट हातात घेतात आणि बिनमेंदूच्या स्पॉकला चावीच्या खेळण्यासारखं खटखट चालवत परग्रहावर घेऊन जातात. लेखक जीन कून यांनी हा भाग टोपणनावाने लिहिला. दुसऱ्या स्टुडिओशी झालेल्या करारामुळे, असं सांगतात. आपण विश्वास ठेवू.

वैद्यकीय तपासणीची सुरुवात केसांपासून करू, कारण स्पॉकचा एकही केस हललेला नाही. कवटी उघडायच्या ऑपरेशनला बहुधा आधी केस उतरवतात, डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात पक्कं आवळतात, कवटीला भोकं पाडून हाडाची झाकणी उचलतात, मग आवरणं. इथे आख्खा मेंदू बाहेर काढून पुन्हा आत बसवला आणि कपाळावरची झुलपं जशीच्या तशी! ऑपरेशनच्या वेळी मध्ये एक आडोसा उभा केलेला असतो. त्याच्या मागे नक्की सर्जन होते की केशभूषाकार, हे निर्मात्यांनाच ठाऊक.

आता जोडणीकडे वळू. साधं मूत्रपिंड बसवायचं म्हटलं तर मुख्यतः तीन जोड असतात. एक धमनी, एक शीर आणि लघवीची नळी. नवीन मूत्रपिंड पोटात खालच्या बाजूला बसवतात आणि जुनी दोन बहुधा आहेत तिथेच राहू देतात. (अनेक नातेवाइकांना हे शेवटपर्यंत पटत नाही. “जुना पार्ट परत देणार ना?” असं विचारणारे मेहुणे असतात.) एवढ्या कामाला तीन-चार तास लागतात. मेंदूला मानेतून वर जाणाऱ्या चार मोठ्या धमन्या आहेत, नसांच्या बारा जोड्या आहेत, आणि खाली मज्जारज्जू वाट बघत बसलेला. नुसत्या एका डोळ्याच्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ती एकदा पूर्ण तुटली की जोडून दृष्टी परत आणणं आजही कुणाला जमलेलं नाही. मकॉयसाहेब दोन्ही जोडतात आणि पुढच्या कामाला लागतात. काढलेलं हृदय बर्फात चारेक तास राहतं, मूत्रपिंड एक दिवसही थांबतं. मेंदू रक्ताविना पाच मिनिटंही काढत नाही. स्पॉकचा मेंदू ग्रहांतर करून, नोकरीला लागून, राजीनामा देऊन परत येतो.

हे कौशल्य मकॉयना मिळतं एका टोपातून. टोप डोक्यावर ठेवला की विश्वातली सगळी शल्यविद्या आत शिरते आणि तीन तासांनी उडून जाते. यावर अमेरिकेत लोक हसले. लातूरच्या क्लासेसमध्ये कुणी हसलं नसतं. तीन तास टिकणारं ज्ञान ही तिथे शिक्षणातली त्रुटी मानली जात नाही, पेपरही तेवढाच असतो. आपली पंचाईत अशी की टोप काढल्यावरही एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन आणि वर न्यूरोसर्जरीची तीन उरतातच.

ऑपरेशनच्या मध्यावर टोपाचा असर उतरतो आणि मकॉयना घाम फुटतो. मग ते स्पॉकची वाचा आधी जोडून घेतात, आणि टेबलावरचा पेशंट पुढे काय करायचं ते डॉक्टरला सांगू लागतो. न्यायाने बोलायचं तर पेशंटला जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन खरंच करतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते, म्हणून पेशंटला बोलतं ठेवून, आकडे म्हणायला लावून वाणीचा भाग वाचवता येतो. फक्त, पुढची नस कुठली हे तो सांगत नाही. ते काम बाहेर बाकावर बसलेले, यूट्यूब बघून आलेले नातेवाईक करतात.

आता खरी गंमत तारखेत आहे. हा भाग लागण्याच्या साडेसहा आठवडे आधी, ५ ऑगस्ट १९६८ला, हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूची व्याख्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापली. मेंदू कायमचा बंद पडला की माणूस मेला, मग हृदय धडधडत का असेना, हे जगाने कागदावर पाहिलं आणि लगेच टीव्हीवर मेंदूच नसलेला माणूस रिमोटवर फिरताना पाहिला. त्याआधी डिसेंबर १९६७मध्ये केपटाऊनला सर्जन बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बसवलं. पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी माणसातलं जगातलं सहावं हृदयप्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासच जगला. कायदा नाही, मेंदूमृत्यूची व्याख्या नाही, शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून आजच्यासारखी औषधं नाहीत. त्यांतलं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीत पुढे सापडायचं होतं आणि सर्रास वापरात यायला १९८३ उजाडणार होतं. सेनसाहेबांची ही गोष्ट कुणी मालिका म्हणून लिहून नेली असती, तर निर्मात्याने ‘पटत नाही’ म्हणून परत दिली असती.

अवयव नाकारण्याच्या बाबतीत स्पॉकची कथा चुकून बरोबर निघते. मेंदू त्याचाच, शरीर त्याचंच. गोळ्या लागणार नाहीत. विमा कंपनीचं पत्र मात्र येईल: ‘सदर अवयव मूळ मालकाचाच असल्याने दात्याचा खर्च देय नाही. मेंदू हरवल्याची तारीख पॉलिसीच्या आधीची की नंतरची, हे कृपया कळवावे.’

समजा, स्पॉक मुंबईच्या एखाद्या आयसीयूत असता. आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, आणि तो व्हावा म्हणून ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्याप्रमाणे चार डॉक्टरांची समिती बसणार, व्हेंटिलेटर बाजूला करून श्वास येतो का ते पाहणार, किमान सहा तासांनी सगळं पुन्हा करणार आणि स्पॉकला मृत घोषित करणार. तेवढ्यात प्रत्यारोपणाच्या कोऑर्डिनेटर मॅडम हळूच त्याच्या वडिलांना बाजूला घेणार. व्हल्कन माणूस, भावना दाखवत नाही, तर्काने बोलतो. असा नातेवाईक मिळावा म्हणून कोऑर्डिनेटर नवस बोलतात. सही दोन मिनिटांत. घोळ त्याच्या पुढे. व्हल्कन रक्त हिरवं, यादीत जुळणारं कुणी नाही. शिवाय मेंदूची चोरी म्हणजे एमएलसी, पोलीस केस. पोलिसांची एनओसी, पंचनामा, पोस्टमार्टेम. हवालदार पहिला प्रश्न विचारणार: “घटना कुठल्या हद्दीत घडली?” ग्रहाचं नाव ऐकल्यावर तो वही मिटणार. मकॉय रिमोट घेऊन पोहोचतील तोवर त्यांच्या पेशंटच्या नावाने आमदारांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलेला असणार.

पुढच्या पिढीने सुधारणा केली असेल म्हणून १९९५च्या ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’मधला ‘फेज’ हा भाग पाहिला. त्यात नीलिक्स नावाच्या गृहस्थाची दोन्ही फुप्फुसं परग्रहवासी पळवतात. डॉक्टर, जो स्वतःच प्रकाशाची प्रतिमा आहे, त्याला प्रकाशाचीच फुप्फुसं बसवतो. अट एकच, आयुष्यभर हलायचं नाही. शेवटी नीलिक्सची मैत्रीण आपलं एक आख्खं फुप्फुस देते. प्रत्यक्षात जिवंत दात्याचं आख्खं फुप्फुस घेत नाहीत. दोन दात्यांच्या फुप्फुसाचा एकेक खंड घेतात. पण कथेत मैत्रीण एकच. ऑपरेशननंतर नीलिक्स ताजातवाना. सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून घ्यायच्या गोळ्या नाहीत, रक्तातली पातळी तपासणं नाही, मास्क नाही, ग्रेपफ्रूट खाऊ नका म्हणून बजावणारी सिस्टर नाही. वर हा माणूस यानाचा आचारी. प्रत्यारोपणानंतर महिनोन्‌महिने कच्च्या-उघड्या अन्नापासून जपायचं, आणि हा परग्रहावरच्या भाज्या चाखून बघतोय.

हे प्रकरण आपल्या प्राधिकरण समितीपुढे आलं, असं धरू. जवळचं नातं नसेल तर समितीची परवानगी लागते. समिती दोघांना समोर बसवते, व्हिडिओ चालू ठेवते.

“तुमचं नातं काय?”

“प्रेम.”

“लग्नाचा दाखला? लग्नाचे फोटो?”

“लग्न झालेलं नाही.”

“पैशाचा व्यवहार?”

“नाही.”

“ऑपरेशन कुठले सर्जन करणार?”

“ज्यांनी फुप्फुसं पळवली, तेच. हात चांगला आहे त्यांचा.”

अध्यक्ष पाणी मागवतात. घोटभर पिऊन दात्रीच्या कागदांकडे वळतात. तिच्या जमातीचं आयुष्यच नऊ वर्षांचं, हे कथेतच सांगितलेलं आहे.

“आणि मॅडम, तुमचं वय?”

“दोन वर्षं पूर्ण व्हायची आहेत.”

“अठरा लागतात. पुढच्या मंगळवारी आई-वडिलांना घेऊन या.”