रॉड चिकटल्यास काय कराल?

(कामठ्यातलं रस्त्याकडेचं वेल्डिंगचं दुकान. रोवणीचे दिवस, म्हणजे ज्याला त्याला आपलं काम कालच झालेलं हवं. पात्रं तीन : मिस्त्री, आयटीआयत वेल्डर ट्रेडला असलेला पोट्टा आणि चिखलणीचं केजव्हील घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला. चौथं पात्र मशीन. ते फक्त घूं करतं.)

ट्रॅक्टरवाला : झालं का गा चाक? पऱ्हे उपटून पडले आहेत. बाया धुऱ्यावर बसून माझ्याकडं पाहून रायल्या.

मिस्त्री : होते. आज नवा माणूस लावला. आयटीआयचा आहे.

ट्रॅक्टरवाला : मले नवा माणूस कायले पाह्यजे? मले जुनं चाक पाह्यजे.

(पोट्टा चाकाच्या तुटलेल्या पट्टीला रॉड टेकवतो. रॉड चिकटतो. मशीन : घूंऽऽऽ.)

मिस्त्री : पिरगाळ! अरे पिरगाळ! मुंगी चावल्यासारखा उभा कायले आहेस?

(रॉड सुटतो. सोबत पोट्ट्याचा दमही.)

मिस्त्री : का गा, हे शिकवलं नाही तुले?

पोट्टा : शिकवलं ना काका. ‘भारतस्किल्स’ पोर्टलवर अख्खा व्हिडिओ पाह्यला, दोनदा. चेन्नईच्या निमी संस्थेची प्रश्नपेढी सोडवली. थिअरीची परीक्षा आता कॉम्प्युटरवरच असते. सरावात 100 पैकी 98 पडले.

मिस्त्री : दोन कायचे गेले?

पोट्टा : ‘रॉड चिकटल्यास काय कराल?’ मी ‘क’ टाकला. ‘ब’ पाह्यजे होता.

मिस्त्री : तेच दोन मार्क आता चाकाले चिकटले होते.

पोट्टा : पण बाकी सगळं येते मले. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी. रॉडचा कोन 70 ते 80 अंश...

मिस्त्री : मोबाईलवर किती वेळा चिकटला रॉड?

पोट्टा : मोबाईलवर कसा चिकटेल?

मिस्त्री : मी तेच म्हणून रायलो.

ट्रॅक्टरवाला : माझा पुतण्या फिटर. 2020 च्या मार्चमध्ये आयटीआय बंद झाली, अन् मास्तर मोबाईलवर कानस शिकवे. पोरगं खाटेवर बसून दिवसभर हवेत हात पुढं-मागं करे. भावजय म्हणे, याले काही बाहेरचं लागलं, अंगारा आणा. मग आयटीआय उघडली, खरी कानस हाती आली, तवा त्याले समजलं का कानस पुढं जातानाच कापते, मागं येताना नुसती घासते. व्हिडिओत तर दोन्हीकडं सारखीच दिसे!

पोट्टा : व्हिडिओत सांगतात ते.

ट्रॅक्टरवाला : सांगत असतील. हाताले कोण सांगते?

(वरून एक छोटं विमान जातं. कामठ्यात आता कोणी मान वर करत नाही. बैल तर नाहीच नाही. पोट्टा मात्र करतो.)

पोट्टा : ते पाहा. बिरसीच्या धावपट्टीवरचं.

मिस्त्री : त्यात काय पाहायचं? इंग्रजांनी महायुद्धात केलेली धावपट्टी आहे ती.

पोट्टा : आता तिथं पायलटची शाळा आहे काका. विमानतळवाल्या सरकारी प्राधिकरणाची अन् कॅनडाच्या सीएई कंपनीची मिळून. अन् ही सीएई जगभर सिम्युलेटर विकते! पायलट पहिले खोलीत बसून उडतात, मग आभाळात. त्यांले चालते, मग मी मोबाईलवर शिकलो त काय बिघडलं?

मिस्त्री : तुझा तो सिम्युलेटर हलते का?

पोट्टा : मोठ्या विमानांचे हलतात. दांडा ओढला का हाताले जोर लागते. पहिला तर 1929 मध्ये अमेरिकेत एडविन लिंकनं केला. त्याच्या बापाचा पियानो अन् ऑर्गनचा कारखाना होता. तिथलेच भाते लावून त्यानं विमानाचा डबा डोलवला.

मिस्त्री : भाते? पेटीले असतात तसे?

पोट्टा : तसेच.

मिस्त्री : म्हणजे दंडारीतल्या पेटीवाल्यानं दुनियेले विमान शिकवलं!

ट्रॅक्टरवाला : आमच्या पेटीवाल्याच्या विमानात मी बसणार नाही बाप्पा.

मिस्त्री : (पोट्ट्याचा मोबाईल उलटा करून पाहत) याले भाता कुठं आहे?

(पोट्टा मोबाईल परत घेतो. चार पर्याय असते तर काहीतरी टाकलं असतं त्यानं. मिस्त्री होल्डर स्वतः घेतो, डोळे मिटतो, मान वळवतो आणि टाका मारतो. टाका सुंदर पडतो, हे कबूल केलंच पाहिजे.)

पोट्टा : काका! काळी काच?

मिस्त्री : डोळे मिटले ना.

पोट्टा : मिटायच्या आधी अन् उघडल्यावर काय? रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होते का तुम्हाले?

मिस्त्री : (जरा थांबून) होते. बायको बटाट्याचे काप ठेवून देते.

पोट्टा : आर्कमधले अल्ट्राव्हायोलेट किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजतात. तवा काहीच दुखत नाही, पाच-सहा तासांनी दुखते. म्हणून रात्री!

मिस्त्री : तीस वर्षं झाली, मी तलावावरच्या वाऱ्याले शिव्या देऊन रायलो.

ट्रॅक्टरवाला : तुमचं हेल्मेट कुठं आहे मग?

मिस्त्री : आहे ना.

(हेल्मेट कोपऱ्यातून निघतं. त्यात नट, बोल्ट, दोन बिड्या आणि मागच्या वर्षीची एक पावती. मिस्त्री ते तिघांसमोर ओततो, जणू दुसऱ्याचंच आहे.)

पोट्टा : अन् पावसाळ्यात रॉड ओला झाला का टाक्यात बारीक छिद्रं पडतात. रॉडसाठी ओव्हन असते, इलेक्ट्रोड ओव्हन...

मिस्त्री : ते मले नको सांगू. आमचे रॉड रात्री चुलीच्या वैलावर असतात. तुझी काकी म्हणते, भाताच्या गंजाले जागा नाही उरली. हे कोणत्या पोर्टलवर आहे?

पोट्टा : नाही.

मिस्त्री : टाक मग. (मशीन बंद करतो. होल्डरमध्ये नवा रॉड लावून पोट्ट्याच्या हाती देतो, वर हेल्मेट चढवतो.) आता या पट्टीवरून ओढ. टेकवायचं नाही, उचलायचं नाही. मनात आकडे मोज.

पोट्टा : पण काका, मशीन तर बंद आहे!

मिस्त्री : म्हणूनच. चिकटणार नाही, भाजणार नाही. हात मात्र दुखन. मी पहिले तीन महिने मालकाकडं हेच केलं.

पोट्टा : (हेल्मेटच्या आतून) म्हणजे हा सिम्युलेटरच झाला ना!

मिस्त्री : बोलू नको, हात हलते.

(पोट्टा ओढतो. रॉड डगमगतो, सावरतो, पुन्हा डगमगतो. आभाळातलं विमान उतरल्यासारखं करून परत वर जातं.)

मिस्त्री : का गा, त्या पायलट पोट्ट्यांले लायसन कवा मिळते?

पोट्टा : 200 तास उडावं लागते.

मिस्त्री : हं. मग चालू मशीन तुले 200 तासांनी.

ट्रॅक्टरवाला : (उठून उभा) अन् माझं चाक?