प्रश्न नाही, थोडी पुरवणी

पुण्यातल्या एका संग्रहालयात महिन्यातून एका शनिवारी जुना सिनेमा दाखवतात. वीरगळ आणि तोफगोळे यांच्यामधल्या दालनात प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढरा पडदा आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक घडी घातलेला रुमाल. रुमाल काकांचा. काका स्वतः प्रोजेक्टरपाशी.

“प्रिंट कुठली आणलीय?”

“काका, पेनड्राइव्ह आहे.”

“ते दिसतंय हो. त्यात प्रिंट कुठली?”

जुना सिनेमा जिथे लागतो तिथे असे एक काका असतातच. कुठलाही सिनेमा त्यांनी आधीच पाहिलेला असतो आणि तोही पुरा. आपल्या वाट्याला येते ती कापलेली प्रिंट. “इथे अकरा मिनिटं गेली,” असं ते अंधारात हळहळतात. घरातली वस्तू चोरीला गेल्यासारखे. मला तर वाटतं, त्यांचा जीव पडद्यावर जे दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही त्यात जास्त रमतो.

म्हणूनच ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांचा सर्वात लाडका. 1913 सालच्या दादासाहेब फाळक्यांच्या या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलंय. मधली दोन काका स्वतः सादर करतात. मूकपट असूनही, आवाजासकट. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं, हे सांगताना आवाज किंचित नाजूक होतो.

बोलपट लागला की काका कोपरानं बोलतात. ‘संत तुकाराम’मध्ये जिजाई वहाण घेऊन पांडुरंगाकडे निघायच्या अर्धं मिनिट आधी माझ्या बरगडीत कोपर. “आता बघा, आता बघा!” वहाण येईपर्यंत मी बरगडी चोळत असतो. ‘श्यामची आई’च्या शेवटी सगळं दालन नाकं ओढत होतं, तर कानाशी कुजबुज आली: “राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पहिलं. पहिलं हं!”

सिनेमानंतर चर्चा असते. काका हात वर करत नाहीत, सरळ उभेच राहतात. “प्रश्न नाही, थोडी पुरवणी.” पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेहून जाड. तेवढ्यात रखवालदार वीरगळांवरचे दिवे मालवून येतो आणि किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो.

गेल्या महिन्यात कुरोसावाचा ‘राशोमोन’ होता. काकांनी तो पाहिलेला नव्हता, हे मला कोपर न लागल्यामुळे कळलं. सुरुवातीला मात्र त्यांनी पत राखली. “व्हेनिसचा महोत्सव ना? आपला ‘संत तुकाराम’ 1937लाच तिथे गाजला. हे जपानी आले 1951ला.” मग गप्प. दरोडेखोरानं एक हकिकत सांगितली, बायकोनं दुसरी, मेलेल्या सामुरायनंही मांत्रिकिणीच्या तोंडून तिसरी, लाकूडतोड्यानं चौथी. काका खुर्चीच्या कडेवर आले होते.

चर्चेला ते उभे राहिले. रखवालदारानं सवयीनं स्टूल ओढून घेतलं.

“प्रश्न आहे,” काका म्हणाले. दालन दचकलं. “खून केला कुणी?”

पाहुण्या वक्त्या हसून म्हणाल्या, “ते शेवटपर्यंत कळत नाही, हीच तर गंमत आहे.”

काकांनी प्रोजेक्टरवाल्या मुलाकडे वळून पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

“म्हटलं नव्हतं मी? शेवटचं रीळ आलेलंच नाही!”