मॉडिफाइड गाडी ट्रॅकवर नेण्याचे नियम व पोटनियम

व्याख्या. ज्या गृहस्थाने आपल्या फोक्सवॅगन पोलोवर तिच्या किमतीच्या निम्मा खर्च केला आहे आणि त्या निम्म्यातला निम्मा घरी सांगितलेला नाही, तो या नियमावलीत ‘मालक’ समजला जाईल. मालक पिंपरी-चिंचवड ते कोल्हापूर या पट्ट्यात कुठेही आढळतो. ‘गाडी’ म्हणजे ती पोलो. कंपनीने 2022 साली ती भारतात बंद केली, तेव्हा मालकाने सुतक पाळले होते. ‘गुरुजी’ म्हणजे लॅपटॉप जोडून इंजिनाचा रिमॅप करून देणारा आणि “आता बघा गाडी” एवढेच बोलणारा माणूस. ‘ट्रॅक’ या शब्दात एक्स्प्रेस-वे, बायपास आणि रात्री अकरानंतरचा दिवे घाट येत नाहीत. तिथे शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही संपवून टाकू. कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय आहे. मालकाने हा गुणाकार स्वतःच करावा. मोठ्याने करू नये.

विम्याचेही तसेच. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा एक बारीक अक्षरांतला परिच्छेद असतो. त्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात. मालकाचे म्हणणे असते की ही शर्यत नव्हेच, क्लबचा ट्रॅक डे आहे, इथे ना नंबर ना ट्रॉफी. मुद्दा बरोबर आहे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तो पटवून देताना मालकाला एकदा बघायला हवे.

आता प्रस्थान. देशातले मोठे ट्रॅक महाराष्ट्रापासून लांब आहेत. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचे, 2011 ते 2013 तिथे फॉर्म्युला वन झाली. कोइमतूरजवळचे कारी मोटर स्पीडवे त्यापेक्षा बरेच लहान. मालकासाठी योग्य तीर्थ म्हणजे चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला, 1990 साली सुरू झालेला ट्रॅक: 3.7 किलोमीटर, बारा वळणे. त्याआधी याच क्लबच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर होत. वाट सोपी आहे. पुण्यात राष्ट्रीय महामार्ग 48 पकडावा आणि सोडू नये. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत तोच रस्ता ट्रॅकच्या परिसरात नेऊन सोडतो. अंतर अकराशे किलोमीटरच्या वर, म्हणजे घरी सांगायला तिरुपतीदर्शन हे कारण भौगोलिकदृष्ट्या निर्दोष ठरते. त्यात एकच अडचण: लाडू आणावे लागतात.

निघण्यापूर्वीच्या तयारीत सायलेन्सर येत नाही. हे वाक्य मालकाने दोनदा वाचावे. फ्री-फ्लो सायलेन्सर, बोनेटवरचा काळा रॅप, मागच्या काचेवरचा पंख, सतरा इंची अलॉय ही सर्व मंडळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि चहाच्या टपरीसमोर आपापले काम चोख करतात. वळणावर त्यांचा उपयोग होत नाही. उलट थोराड अलॉय वजनाला जड असेल तर सस्पेन्शनला तेवढे ओझे जास्त वागवावे लागते. गाडी जमिनीला टेकवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचे तर विचारूच नका. वळणात गाडी कलली की सस्पेन्शन पुरते दाबले जाऊन रबरावर आदळते आणि पुढची चाके रस्ता सोडून सरळ निघतात. मालक मग म्हणतो, गाडी ‘स्टिफ’ झाली. झाली खरी.

ट्रॅकला जे लागते ते कोणाला दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ब्रेक ऑइल बदलले असे इन्स्टाग्रामवर कसे टाकणार? पण हिशेब करून पाहावा. चालकासह 1100 किलोची गाडी ताशी 150 वरून 60 वर आणायची तर साधारण आठ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. माठातल्या अडीच लिटर पाण्याला उकळी आणायला तेवढी पुरते. ती जाते डिस्कमध्ये, पॅडमध्ये, कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये. तेही एका वळणापुरते नाही. दर फेरीत पुन्हा, वीस मिनिटे. बरे, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते. ताजे डॉट-4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी धरलेल्या जुन्यासाठी हीच किमान मर्यादा 155 आहे. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल पहिल्यांदा स्पंजासारखे, मग थेट तळाला जाते. रिमॅप स्टेज वन असो की टू, या क्षणी गुरुजी फोन उचलत नाहीत.

म्हणून नियम असा: रिमॅपचे पैसे द्यायच्या आधी ताजे ब्रेक ऑइल आणि जास्त तापमान सोसणारे पुढचे पॅड. टायर बरे असावेत, नवेकोरे नसले तरी चालतील. रोजच्या गाडीला कॅम्बर कमी असल्याने ट्रॅकवर त्यांची बाहेरची कडच आधी खलास होते. हवा थंड असताना 33 भरली तर गरम झाल्यावर सहज 38-40 दाखवते. तेव्हा प्रत्येक खेपेनंतर गेज लावून वाढलेली हवा काढावी. नायट्रोजन भरलाय म्हणून फुगत नाही, असे पंपावरचा मुलगा सांगतो. नायट्रोजनही वायूच आहे.

गाडी रिकामी करणे. डिकीतली चटई, छत्री, मुलांचे पुस्तक, दोन वर्षांपूर्वीच्या कोकण सहलीतली चप्पल, सगळे बाहेर. डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा दुहेरी टेपवर विसंबून असतात. तमिळनाडूच्या उन्हात ती टेप किती वेळ धरते हे पाहण्यासाठी पहिले वळण ही योग्य जागा नाही, त्यांना आदराने पिशवीत ठेवावे. सीटखालची पाण्याची बाटली मात्र विनोदाचा विषय नाही. ती जोरात ब्रेक मारताना पुढे घरंगळत येते आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते. ती काढलीच पाहिजे.

टूलकिटमधला गाडी ओढायचा हुक आधीच काढून पुढच्या बंपरात बसवावा. पोलोत त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवला तरच बसतो. हे ठाऊक नसलेला मालक तपासणीच्या रांगेत घामाघूम होऊन जोर लावत असतो. मागे उभे असलेले तज्ज्ञ त्याला बंपर कापायचा सल्ला देतात. चाकांचे बोल्ट 120 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानेच आवळावेत. पायाने पाना दाबून “बास झालं” म्हणण्याची पद्धत पंक्चरच्या दुकानापुरती ठीक आहे.

सकाळच्या ब्रीफिंगला हजर राहावे आणि ऐकावे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे खेळ थांबला, हळू चालवत पिटमध्ये यावे. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळा झेंडा तुमच्यासाठी असतो आणि तो दाखवणाऱ्याशी वाद घालायचा नसतो.

राहिला निळा. त्याचा अर्थ: मागून वेगवान गाडी आली आहे, तिला जाऊ द्या. कात्रज घाटात ज्याने हयातीत कोणाला साईड दिली नाही, त्याला हा झेंडा दिसतच नाही. डोळ्यांत दोष नसतो. क्लबच्या दिवशी बहुधा पुढच्याने हाताने खूण केल्याशिवाय मागच्याला ओव्हरटेक करता येत नाही, त्यामुळे मालकाच्या मागे हळूहळू वरात जमते. आणि वरातीच्या तोंडाशी कोण असते, तर वीस-पंचवीस वर्षे जुनी एस्टीम, रंग उडालेली, आत एकच सीट, चालवणारे काका साठीचे. सरळ रस्त्यावर पोलो पुढे पळते, वळणाआधी घाबरून लवकर ब्रेक मारते, आणि वळणातून बाहेर पडताना आरशात पुन्हा एस्टीमच. हे दर फेरीला. अखेर मालक हात बाहेर काढतो.

यात मानहानी काही नाही. एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या उभ्या केल्या आणि त्यांवर एक पिढी शिकली. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक झालेला नारायण कार्तिकेयनही त्या चालवून गेला. ताकद कमी असली की वेग सांभाळून वळायला शिकावेच लागते. ब्रेक सरळ असतानाच मारून घ्यायचा, मग वळायचे. बाहेरून आत, आतून बाहेर. आणि वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, कारण पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग नेमका तेव्हाच फिरतो.

खरे सांगायचे तर तिसऱ्या खेपेनंतरचा मालक बघण्यासारखा असतो. पिटच्या भिंतीला टेकून, टोपी उलटी, हातात वितळलेला पार्ले-जी. सकाळी अश्वशक्तीचे आकडे सांगणारा हा माणूस आता एस्टीमवाल्या काकांना विचारत असतो, “काका, त्या वळणाला तुम्ही कुठं ब्रेक मारता?” सायलेन्सरविषयी दुपारनंतर तो एक अक्षर बोलत नाही. असे लोक आहेत म्हणून क्लब चालतात.

शेवटची फेरी ब्रेक न वापरता, हळू काढावी. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नये. पोलोला मागे ड्रम आहेत, तापलेले लायनर ड्रमला धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाखाली दगड लावावा.

ज्या टायरांवर आणि पॅडवर दिवसभर मजा केली, त्यांवरच घरी जायचे असते, अकराशे किलोमीटर, रात्रीचे, ट्रकांमधून. म्हणून निघण्यापूर्वी चाक काढून पॅडची जाडी पाहावी आणि तीन मिलीमीटरच्या खाली असेल तर तिथेच बदलावे. त्यासाठी पॅडचा एक जादा संच पुण्याहूनच न्यावा. ट्रॅकच्या शेजारी मोटारींचा अवाढव्य कारखाना आहे हे खरे, पण तो ह्युंदाईचा आहे.