मामा, संदर्भ?

इंग्रजी विकिपीडिया उघडला की मुखपृष्ठावर डाव्या हाताला, त्या दिवसाच्या निवडक लेखाच्या खाली, 'डिड यू नो' नावाचा एक चौकोन दिसतो. आधी तीन टिंबं, मग 'की', मग काहीतरी अचाट माहिती आणि शेवटी प्रश्नचिन्ह. अशा आठ-नऊ ओळी. वाचणारा चहाचा घोट घेतो, 'असं आहे होय!' म्हणतो आणि ऑफिसचा मेल उघडतो. २००४ सालापासून हे सदर बिनबोभाट चालू आहे, असा त्याचा समज असतो. चालू आहे हे खरं. बिनबोभाट नाही.

बोभाटा करणाऱ्यांत मी आहे. दिवसभर हिशेबखात्यात लोकांची बिलं तपासायची आणि रात्री घरी येऊन, एक पैसा न घेता, अनोळखी लोकांची प्रश्नचिन्हं तपासायची. "याचं कोणी काही देतं का गं?" सासूबाईंनी एकदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग निदान तांदूळ तरी निवडत जा. ते आपल्या पोटात जातात."

आमच्यात त्या ओळीला 'हुक' म्हणतात. हुक दोनशे अक्षरांत बसला पाहिजे आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यात धरायच्या. (आमच्या मामांना दोनशे अक्षरांत 'तुला सांगतो' याच्या पुढे सरकता येत नाही. मामा पुढे येणार आहेत.) हुक ज्या लेखातून काढला तो लेख ताजा हवा. म्हणजे गेल्या सात दिवसांत नवा लिहिलेला, नाहीतर पाचपट वाढवलेला, नाहीतर 'चांगला लेख' म्हणून नुकताच पास झालेला. मजकूर किमान दीड हजार अक्षरांचा हवा, याद्या आणि तक्ते सोडून. कुठून उचललेला नको. आणि हुकातली गोष्ट लेखात असली पाहिजे, तिच्या शेपटाला संदर्भ चिकटवलेला असला पाहिजे. हे सगळं एक सदस्य तपासतो आणि हिरवी खूण करतो. दुसरा ती ओळ उचलून पुढच्या संचात लावतो. तिसरा, हा बहुधा प्रचालक (म्हणजे जादा अधिकार असलेला सदस्य) असतो, पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासतो आणि संच रांगेत ठेवतो. मग बॉट तो मुखपृष्ठावर चढवतो. आणि मग, इतक्या डोळ्यांखालून गेलेली ओळ बघून, जगातला कुठलाही माणूस चुकांच्या पानावर येऊन सांगतो की हे चूक आहे. त्रासाची गोष्ट अशी की पुष्कळदा त्याचं बरोबर असतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही गमतीच्या गोष्टी शोधून काढतो. आमचं खरं काम त्या गोष्टींतली गंमत काढून घेण्याचं आहे. समजा, कुणी मोठ्या हौसेने हुक आणला: '…की दीपगृहाच्या एका रखवालदाराने बेटावर चाळीस वर्षं एका बकरीच्या सोबतीने काढली?' वाचताक्षणी डोळ्यांत पाणी. मग तपासनीस येतो. तो विचारतो, बकरी चाळीस वर्षं जगते का? लेखक पुस्तक उघडतो. पुस्तकात 'बकऱ्या' आहे, अनेकवचन. दुसरा म्हणतो, सोबतीने हा शब्द स्रोतात नाही, रखवालदाराने त्या दुधासाठी पाळल्या असतील. तिसऱ्याच्या मते चाळीस वर्षांतली दोन वर्षं तो रजेवर होता. शेवटी हुक उरतो: '…की दीपगृहाच्या एका रखवालदाराकडे काही काळ बकऱ्या होत्या?' यावर चौथा येतो आणि लिहितो, "सगळं ठीक आहे, पण हे रंजक वाटत नाही."

हा 'रंजक' शब्द म्हणजे आमच्याकडचं कायमचं भांडण. बाकी सगळं मोजता येतं. अक्षरं मोजायला यंत्र आहे, नक्कल पकडायला यंत्र आहे. रंजकपणाला मात्र माणूसच लागतो, आणि माणूस कुठल्या देशात झोपतो आणि कुठल्या देशात उठतो यावर सगळं अवलंबून. एका फलंदाजाचा कसोटीत ९९ वर नाबाद राहण्याचा हुक होता. आपल्याला ते वाचूनच पोटात कालवतं. अटलांटिकच्या पलीकडच्या तपासनिसाने अत्यंत सभ्यपणे विचारलं, "म्हणजे एक गुण कमी पडला, एवढंच ना?" मी त्याला उत्तर लिहायला बसले. लेखाहून मोठं झालं, म्हणून पाठवलं नाही. पुढे बेसबॉलचा एक हुक माझ्याकडे तपासायला आला, तेव्हा मीही अत्यंत सभ्यपणे विचारलं.

नवीन माणसाला पहिले काही हुक माफ असतात. पाच पदरात पडले की मात्र नियम लागू: स्वतःचा एक हुक द्यायचा तर दुसऱ्याचा एक तपासून द्यायचा. हा सरळसरळ आहेर आहे. यादी ठेवलेली असते, कुणी किती दिलं आणि कुणी न देता जेवून गेलं ते सगळ्यांना दिसतं. आणि आहेरात जे होतं ते इथेही होतं. आपण एखाद्याच्या चाळीस संदर्भांच्या लेखावर रविवार घालवावा आणि बदल्यात आपल्या लेखावर कुणीतरी दोन शब्दांत 'छान आहे' लिहून जावं. ते 'छान आहे' मग प्रचालकाच्या हाती सापडतं आणि लेख पुन्हा मागे येतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती करडी खूण. संदर्भ इंटरनेटवर नसेल, किंवा तपासणाऱ्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर हिरव्याऐवजी करड्या रंगाची बरोबरची खूण देतात. तिचा अर्थ असा: मी पुस्तक पाहिलेलं नाही, पण तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मी एकदा संयुक्त 'मानापमान'वरचा हुक नेला होता. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन नाटक कंपन्यांचे दोन मालक, १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले, एक भामिनी आणि एक धैर्यधर. संदर्भ सगळे मराठी, आणि त्यातलं एक पुस्तक तर वाचनालयात बसून, पिवळ्या पानांचा तुकडा मोडणार नाही अशा बेताने बघायचं. ज्याने करडी खूण दिली त्याला मराठीचा म सुद्धा ठाऊक नव्हता. त्याची एकच शंका होती: हा जो नायिकेचं काम करतो आहे तो पुरुष आहे, हे हुकात का नाही? त्याच्या दृष्टीने सगळी गंमत तिथेच होती. मी बालगंधर्वांच्या नावापुढे 'पुरुष' लिहायला तयार नव्हते. आमच्या आजीने मला वर येऊ दिलं नसतं. चर्चेचं पान लांबत गेलं. शेवटी दोघांचा तह झाला, आणि तहात दोघांपैकी कुणालाच न आवडलेलं वाक्य मुखपृष्ठावर गेलं.

मुखपृष्ठ बदलतं ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. ओळींची गर्दी फार साचली तर दिवसातून दोनदा, मग पुन्हा संध्याकाळी साडेपाचला. रांगेत तयार संच नसेल तर सांगकाम्या (मराठी विकिपीडियावर बॉटला हेच नाव आहे आणि याहून चांगलं मला ठाऊक नाही) दोन तास आधी चर्चापानावर हाकाटी करतो की पुढचा संच कुणी मंजूर केलेला नाही. मग कुठल्यातरी देशात जेवणाच्या ताटावरून एक प्रचालक उठतो. तो कोण, कुठला, काय करतो, आम्हाला काही माहीत नसतं. उठतो एवढं खरं.

आता 'पहिला'. आमच्याकडे हुकात 'पहिला', 'एकमेव', 'सर्वात मोठा' असा शब्द दिसला की तपासनीस बाह्या सरसावतात, कारण कुठलंही पहिलं नीट खरवडलं की खाली आणखी एक पहिलं निघतं. भारतातला पहिला कथापट कोणता? 'राजा हरिश्चंद्र', हे शाळेतलं पोरही सांगेल. दादासाहेब फाळक्यांचा, ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर. पण त्याच कोरोनेशनमध्ये जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. त्यावर दुसरी बाजू म्हणते, ते तर नाटकाचं चित्रण, कॅमेरा चालवणारा इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. त्यावर पहिली बाजू विचारते, मग नाटक का कथा नसते? हे भांडण दोन्ही दादासाहेबांच्या मागेही चालूच आहे. दोनशे अक्षरांत ते मिटवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. म्हणून आम्ही 'पहिला' काढून टाकतो आणि दुसरं काहीतरी शोधतो.

हे रात्रीपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण सवय अंगात भिनते. मावसभावाच्या मुलाचं लग्न ठाण्याला होतं. पंगतीत मी मामांच्या शेजारी, समोर नागपूरची मुलीकडची मंडळी. मामांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

"तुम्हाला सांगतो, भारतातली पहिली रेल्वे कुठे आली? आमच्या ठाण्याला!"

"प्रवासी," मी जिलबीकडे बघत म्हटलं.

"काय?"

"पहिली प्रवासी गाडी, मामा. १६ एप्रिल १८५३. नुसती रेल्वे म्हणाल तर मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच होती, दगड वाहायला. आणि रुडकीला सोलानीच्या बांधकामावर १८५१ साली वाफेचं इंजिन होतं."

नागपूरकर माझ्याकडे नव्या आदराने बघायला लागले. मामांनी बघितलं नाही.

"दगड तिकीट काढतात का?" ते म्हणाले.

पंगत मामांच्या बाजूने गेली. खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुराव्यादाखल एक कात्रण पाठवलं. त्यातला परिच्छेद विकिपीडियावरून स्वल्पविरामासकट उचललेला होता. मी कळवलं की हा संदर्भ धरता येत नाही, कारण तो आमच्याकडूनच गेलेला आहे. यावर त्यांनी नुसताच नमस्काराचा हात पाठवला.

पण त्या गाडीत हुक होता. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, हे सगळीकडे छापलेलं असतं आणि वाचून काही होत नाही. गाडी ओढायला मात्र तीन इंजिनं होती आणि त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. म्हणजे: '…की १८५३ साली ४०० पाहुण्यांना ठाण्याला पोहोचवण्यासाठी साहिब, सिंध आणि सुलतान यांना एकत्र जुंपावं लागलं?' यात पहिलं नाही, एकमेव नाही, दगड नाहीत. एक एप्रिलच्या संचात तर हा सोन्यासारखा बसेल. त्या दिवशी आमच्याकडे ओळ खरीच हवी पण वाचणारा फसला पाहिजे, अशी मुभा असते. सुलतान ठाण्याला कशाला गेला, असं कुणालाही वाटेल.

मी मामांना वाचून दाखवला. ते खूश झाले. "मग टाक ना!"

"टाकता येत नाही. लेख जुना आहे. सात दिवसांत पाचपट वाढवावा लागेल."

"मग वाढव. मी सांगतो, तू लिही." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. ठाण्याची खाडी, त्यांचे आजोबा, आजोबांचा रेल्वेतला पास, त्या पासावर झालेलं एका बहिणीचं लग्न. पाचपट काय, पन्नासपट झालं असतं. प्रत्येक वाक्याला मी "संदर्भ?" विचारत होते आणि प्रत्येक वेळी ते छातीवर हात ठेवून "मी!" म्हणत होते. नियमाप्रमाणे ते धरता येत नाही. स्वतःच्या आठवणी स्वतः छापून आणायच्या नसतात, आधी दुसऱ्या कुणी तरी छापाव्या लागतात. तो लेख अजून जिथे होता तिथेच आहे.

मामांचा विरस होऊ नये म्हणून मी त्यांना चुकांचं पान दाखवलं. इथे कुणीही लिहू शकतं, खातंही लागत नाही, असं सांगितलं. हे मी करायला नको होतं, असं निदान सहा खंडांतल्या प्रचालकांचं मत असेल. मामा निवृत्त आहेत, त्यांना पहाटे चारलाच जाग येते, आणि साडेपाचला संच बदलतो तेव्हा त्यांचा पहिला चहा झालेला असतो. पावणेसहाला माझा फोन वाजतो.

"चौथी ओळ बघ," मामा म्हणतात. "जगातलं पहिलं म्हणे. दगड धरलेत का त्यांनी?"