पिनांचा शेजारधर्म

मायक्रोकंट्रोलर बोर्डावर एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर २.५४ मिलिमीटर. एवढ्या जागेत सोल्डरचे दोन डाग शेजारी बसावेत आणि एकमेकांना शिवू नयेत, अशी अपेक्षा असते. अपेक्षा ठेवायला पैसे पडत नाहीत.

रास्पबेरी पाय पिको २०२१ मध्ये चार डॉलरला आला तो पिनांविना. पिना ४०, लावायच्या आपण. शेजाऱ्यांचा घरोबा वाढायला एवढी वस्ती पुरते. मग प्रोग्रॅममध्ये १४ नंबरचा एलईडी पेटव म्हणावं, तर १५ चाही आमंत्रण नसताना पेटतो.

जाणकारांना विचारावं, तर "सोल्डरिंग बघ" एवढंच उत्तर येतं. भिंगातून बघावं, तर प्रत्येक डाग चकचकीत. मुख्य चिपला तर बाहेर डोकावणारे पायच नाहीत. कडेला, पोटाशी दडलेली ५६ टोकं, एकमेकांपासून ०.४ मिलिमीटरवर. तिथे काय चाललंय ते भिंगालाही दिसत नाही.

म्हणून मल्टिमीटर. यूएसबी केबल काढायची, मीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा आणि प्रोब टेकवायचे. मीटरला एकच शब्द येतो, बीप. पिकोच्या ४० पैकी आठ पिना ग्राउंडच्या. त्यांतल्या कुठल्याही दोघींवर प्रोब ठेवले की बीप. आर्डुइनो ऊनोवर ए४ आणि एसडीएमध्ये बीप, कारण ती एकाच पिनेची दोन दारं. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये क्षणभर बीप होऊन थांबलं, तर तो कपॅसिटर भरत असतो. जोडणी मुद्दाम केलेली असो वा चुकून झालेली, मीटरचा उत्साह तोच. कुठली बीप रास्त आणि कुठली गैर, हे सर्किटचा नकाशा उघडून आपणच ठरवायचं.

नकाशा नको असेल, तर दुसरा मार्ग आहे. सगळ्या पिना पुल-अप लावून इनपुट करायच्या, एकच लो करायची आणि बाकीच्या वाचायच्या. जिने १ सांगितलं ती सुटी, जिने ० सांगितलं ती चिकटलेली. म्हणजे ज्या बोर्डावर संशय, त्यालाच चौकशीला बसवायचं. आश्चर्य म्हणजे तो सगळं कबूल करतो.

उपाय पुस्तकात दोन ओळींत उरकतो. फ्लक्स लावा, तांब्याची वेणी ठेवा, वरून तापलेलं टोक दाबा. वेणी जादा सोल्डर शोषून घेते. पुस्तकात टोक कधी उचलायचं ते नसतं. जरा जास्त वेळ दाबलं, तर सोल्डरपाठोपाठ बोर्डावरचं तांब्याचं पॅडही सुटून येतं.

शॉर्ट गेला, पिनही गेली. त्या जागी मीटर आता गप्प आहे, तेव्हा तक्रार निकाली निघाली असं समजायचं.