आज रात्रीच लेखक व्हा

प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवून वर्षभर पोस्टमनची वाट पाहायची, हा प्रकार आता उरला नाही. ॲमेझॉनने २००७ साली किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र काढलं, तेव्हाच लेखकाला आपलं पुस्तक आपणच विकायला ठेवण्याची सोयही काढली. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या भारतातल्या दुकानात मराठी पुस्तकांना रीतसर जागा मिळाली. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, वशिला लागत नाही आणि ‘साभार परत’ची चिठ्ठी येत नाही. नवोदितांसाठी पुढील मार्गदर्शन.

पायरी पहिली, लेखन. यावर फार वेळ घालवू नका. गेल्या काही वर्षांत फेसबुकवर जे जे टाकलं ते एकत्र करा: पावसाच्या कविता, आजीच्या आठवणी, सोसायटीच्या गणपतीत केलेलं भाषण. यांत एकसूत्र सापडत नसेल तर पुस्तकाला ‘मनातलं थोडंसं’ असं नाव द्या. त्या नावाखाली काहीही खपतं, निदान छापलं तरी जातं.

पायरी दुसरी म्हणजे हस्तलिखित कुणाला तरी वाचायला देणं. ही आपण गाळतो. जुन्या धंद्यात सगळा उशीर हिच्यामुळेच व्हायचा. संपादक म्हणायचा, चौथं प्रकरण काढून टाका. मुद्रितशोधक समासात लाल शाईने विचारायचा, ‘नायिकेचा भाऊ दुसऱ्या प्रकरणात वारला होता ना?’ असल्या माणसांपासून सुटका व्हावी म्हणूनच तर आपण इथे आलो आहोत.

आता टंकलेखन. तुमचा मजकूर पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याने श्रीलिपीत बसवलेला असेल तर उत्तमच, कारण खरी करमणूक इथून सुरू होते. त्या काळच्या फॉन्टांत संगणकाला ‘क’ हा क म्हणून ठाऊकच नसायचा. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट बदलला की कादंबरीची बाराखडी इंग्रजीत कण्हू लागते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी परिवर्तक मिळतात आणि ते बहुतेक काम चोख करतात. उरलेल्या कामात ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर सरकतो आणि मराठीचा तो खास चंद्रकोरीसारखा अर्धा र हमखास मरतो. मग सह्याद्रीच्या ‘दऱ्यांत’ उतरलेला तुमचा नायक ‘दर्यांत’ उतरतो आणि कोकणकड्याखाली बुडून मरतो. लग्नाच्या प्रसंगात भात करपल्याबद्दल ‘आचाऱ्यांना’ बसणाऱ्या शिव्या थेट ‘आचार्यांना’ बसतात. शोधा-आणि-बदला ही आज्ञा वापरून हे एका फटक्यात दुरुस्त करता येईल, असा विचार मनात येईल. जरूर करा. त्याने ‘सूर्या’चाही ‘सूऱ्या’ होतो, आणि तो पुस्तकभर उगवत राहतो.

दुसरी गंमत पानांची. वाचक अक्षर लहानमोठं करतो तसा ई-पुस्तकातला मजकूर नव्याने वाहतो, त्यामुळे पान क्रमांक सत्तेचाळीस असं काही तिथे नसतंच. तरीही वर्डमध्ये हाताने टंकलेली, टिंबाटिंबांच्या रांगा असलेली अनुक्रमणिका तशीच ठेवा. ‘पाहा पृष्ठ ४७’ हेही राहू द्या. वाचकाला शोधकार्याची गोडी लागते. चढवण्यापूर्वी पुस्तक फोनवर कसं दिसेल हे दाखवणारा प्रीव्ह्यूअर फुकट मिळतो. त्यात फक्त मुखपृष्ठ पाहायचं आणि समाधानाने तो बंद करायचा.

मुखपृष्ठाची शिफारस केलेली मापं २५६० बाय १६०० पिक्सेल. एवढी मोठी जागा मिळाली आहे तर ती भरून काढा: मावळता सूर्य, पाठमोरी स्त्री, पिंपळपान, शाईची दौत, आणि खाली वळणदार अक्षरांत लेखकाचं नाव, पदव्यांसकट. ग्राहकाला हे सगळं फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं, पण आपण लॅपटॉपवर पाहून खूश व्हायचं.

मग अर्ज भरताना काही कोरडे प्रश्न येतात. शोधशब्दांच्या सात जागा असतात. सातही ठिकाणी स्वतःचं नाव लिहा. पुस्तक तयार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर लिहून घेतला का, असंही विचारतात. हा प्रश्न आणि एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं चढवण्याची मर्यादा, दोन्ही २०२३ साली आली. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकरसुद्धा या मर्यादेत आरामात बसले असते; तिच्याबाहेर कोण जात असेल याचा अंदाज आपला आपण करावा.

पैशाचं प्रकरण मात्र नीट वाचा, कारण इथे थट्टा आपोआपच होते. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावरचा २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच ई-पुस्तकासाठी. म्हणजे कागद वाचवणाऱ्याला दंड. शिवाय मराठी कविता अमेरिकेत विकल्या जातील या शक्यतेपोटी तिथल्या कर खात्याची प्रश्नावली भरायची असते. दोन देशांमधल्या कराराचा लाभ त्यात मागितला नाही, तर तिथल्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. मागितला तर १५. पॅन कार्ड जवळ ठेवा.

रॉयल्टीचे दर दोन, ३५ टक्के आणि ७०. आपण अर्थात ७० वर बोट ठेवतो. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि तिची अट अशी की नव्वद दिवस हे ई-पुस्तक जगात दुसरीकडे कुठेही, फुकटसुद्धा, मिळता कामा नये. अटीला होकार भरा. त्याच रात्री प्रतिलिपी या फुकट वाचनाच्या संकेतस्थळावर त्यातल्याच कथा तशाच राहू द्या आणि ‘शाळेचे सोबती ८९’ या व्हॉट्सॲप गटावर पूर्ण पुस्तकाची पीडीएफ ‘प्रेमाची भेट’ म्हणून धाडून द्या. गटातून चाळीस अंगठे येतील, खरेदी शून्य. इतकं मन लावून स्वतःच्याच पुस्तकाची चोरी करणारा लेखक मराठीखेरीज अन्यत्र क्वचितच सापडत असावा.

या योजनेत आणखी एक क्रूर सोय आहे. किंडलच्या सभासद वाचकांनी किती पानं वाचली त्यावर पैसे मिळतात आणि तो आकडा लेखकाला रोज दिसतो. छापील पुस्तक भेट दिलं की पाहुणे ‘वाचलं हो, छान आहे’ म्हणायचे आणि विषय मिटायचा. इथे ते कितव्या पानावर झोपले याचा अंदाज येतो. घरात एकच मावशी किंडलची सभासद असेल आणि आकडा अकरावर अडकला असेल, तर दिवाळीला तिच्याकडे जाताना जपून बोलावं.

अभिप्राय मात्र मिळवायचेच. काका, मेहुणे, ऑफिसातले सहकारी, सगळ्यांना पाच तारे द्यायला सांगा. जवळच्या नातलगांचे आणि मित्रांचे अभिप्राय नियमात बसत नाहीत आणि काढून टाकले जातात. ते गेल्यावर उरतो तो एकच, कुणा अनोळखी वाचकाचा, दोन ताऱ्यांचा: ‘विषय चांगला. दुसऱ्या प्रकरणात मेलेला भाऊ सातव्यात राखी बांधून घेतो. शुद्धलेखन कुणीतरी पाहायला हवं होतं.’ या माणसावर चिडण्याचा लेखकाला हक्क आहे, पण गाळलेली दुसरी पायरी त्यानेच पार पाडली आहे, तीही पदरचे पैसे मोडून. एरवी या कामाचे पैसे लेखकाने द्यायचे असतात. मुद्रितशोधक आजही मिळतात, पानाच्या हिशेबाने घेतात, आणि मुखपृष्ठावरच्या पिंपळपानाहून त्यांच्यावर केलेला खर्च पुष्कळच कारणी लागतो.

प्रकाशनाचं बटण दाबल्यावर पुस्तक साधारण बहात्तर तासांच्या आत दुकानात दिसू लागतं. महिन्याची रॉयल्टी तो महिना संपल्यावर सुमारे साठ दिवसांनी जमा होते. तेवढ्या वेळात आपलं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, शक्यतो मोठ्याने, एकदा वाचा. सुधारलेली फाइल कधीही पुन्हा चढवता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.